तेल लावलेली डोकी आणि तीन टेस्ला

अकोल्यातल्या एका खासगी रुग्णालयाच्या तळमजल्यावर तीन टेस्ला ताकदीचे एमआरआय यंत्र आहे. मेंदूतल्या रसायनांचा नकाशा काढण्याची एक नवी पद्धत त्या यंत्रावर चालते की नाही, हे पाहण्यासाठी जानेवारीत मी पाच दिवस वऱ्हाडात होते. पद्धत सुजाताची. ती मूळची दर्यापूर तालुक्यातली, बौद्ध शेतकरी कुटुंबातली. शाळा गावात, कॉलेज अमरावतीत, पुढचे शिक्षण आणि संशोधन परदेशात, आणि आता बंगळूरच्या एका संस्थेत. तिची माझी ओळख पत्रव्यवहारातून झाली. मी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे लिहून ती कंटाळली आणि शेवटी तिने लिहिले, ‘येऊन बघा.’

बुधवार, अमरावती

बडनेऱ्याला गाडीतून उतरले तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि फलाटावरची माणसे कान बांधून बसली होती. पुण्याहून निघताना विदर्भात जाणार म्हटल्यावर दोघांनी मला उन्हाची टोपी घ्यायला सांगितले होते. टोपी पाच दिवस पिशवीतच राहिली. स्वेटर मात्र पहिल्याच दिवशी घ्यावा लागला.

सुजाता तिच्या जुन्या कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत भेटली. एका रुंद तोंडाच्या प्लास्टिकच्या बरणीत ती मोजून मीठ टाकत होती. बरणी साधारण नारळाएवढी. आत पाणी, थोडे मीठ आणि मेंदूत असतात ती चार-पाच रसायने, मेंदूत असतात त्याच प्रमाणात. माणसाला यंत्रात घालण्याआधी ही बरणी घालायची. बरणीत काय आहे ते माहीत असते, त्यामुळे नकाशा चुकला तर लगेच कळते.

तिने सांगितले ते थोडक्यात असे. साधा एमआरआय मुख्यतः पाण्याचे चित्र काढतो. त्यात मेंदूचा आकार कळतो, डाग दिसतो. डाग कशाचा आहे, हे दर वेळी कळत नाही. पण चुंबकीय क्षेत्रात प्रत्येक रसायनातले हायड्रोजनचे अणू किंचित वेगळ्या सुरात वाजतात. ते सूर वेगवेगळे करून मांडले की वर्णपट मिळतो. चेतापेशी धडधाकट असतील तर एनएए नावाच्या पदार्थाचा सूर मोठा येतो. गाठ वाढत असेल तर तो बसतो आणि कोलीन नावाच्या दुसऱ्या पदार्थाचा चढतो. अनेक रुग्णालयांतल्या यंत्रांवर मेंदूच्या एका लहान चौकोनी तुकड्याचा वर्णपट घेता येतो. सुजाताच्या पद्धतीत जवळजवळ सगळ्या मेंदूचे तुकडे एकाच फेरीत, दहा-बारा मिनिटांत मोजले जातात. चुंबकीय क्षेत्र जितके ताकदवान, तितके सूर एकमेकांपासून दूर जातात आणि ओळखायला सोपे होतात. तिने ही पद्धत सात टेस्लाच्या यंत्रावर बांधली होती. तसे यंत्र वऱ्हाडात नाही. तीन टेस्लाचे आहे.

‘अडचण काय?’ मी विचारले.

‘आवाज. मला हव्या असलेल्या रसायनांपेक्षा पाणी हजारो पटींनी मोठ्याने वाजतं. कवटीवरच्या कातडीखाली चरबी असते, तीही तशीच. आठवडी बाजारात लाउडस्पीकरखाली उभं राहा आणि कोणी तुमच्या कानात फोन नंबर सांगतंय असं समजा.’

तीन टेस्लासाठी तिने पद्धत बदलून आणली होती. रुग्णालयातले क्ष-किरणतज्ज्ञ डॉ. काळे यांनी तिला यंत्र दोनदा द्यायचे कबूल केले होते: शुक्रवारी दुपारी आणि रविवारी सकाळी. रविवारी दुपारपर्यंत निरोगी माणसांवर नकाशे नीट आले, तर रुग्णांवरच्या अभ्यासासाठी नैतिकता समितीकडे जाणाऱ्या अर्जावर ते सही करणार होते. नाही आले तर नाही. सुजाताची रजा सोमवारी संपत होती. जिल्ह्याच्या गावात तीन टेस्लाचे यंत्र संशोधनाला द्यायला तयार असलेला दुसरा डॉक्टर तिला अजून भेटलेला नव्हता.

संध्याकाळी राजकमल चौकाजवळ आम्ही गिलावडा खाल्ला. उडदाचा वडा दह्यात आणि दोन चटण्यांत बुडवून देतात. पुण्यातला दहीवडा गोड असतो, हा नाही. बरणी सुजाताच्या मांडीवर होती. गाडीवाल्याने विचारले, ‘ताई, लोनचं हाये का?’ ती म्हणाली, ‘मेंदू आहे.’ त्याने चटणी जास्त वाढली.

गुरुवार, दर्यापूर तालुका

दर्यापूरपर्यंत एसटी आणि तिथून जीप. जीपमध्ये मागे आम्ही नऊ जण होतो आणि एक शिवणयंत्र. दोन्ही बाजूंना काळी जमीन, वेचणी अर्धी झालेली कपाशी आणि उभी तूर. हा खारपाणपट्टा आहे. जमिनीखालचे पाणी खारे, प्यायचे पाणी नळयोजनेचे.

सुजाताची मावशी, वच्छलामावशी, निवृत्त अंगणवाडी सेविका. गावातली निम्मी तरुण माणसे तिच्या हाताखाली बाराखडी शिकली आहेत. तपासणीसाठी पाच निरोगी माणसे, स्वतःला धरून, तिनेच जमवली होती. पाहुणे येणार म्हणून ओट्यावर गाद्या घातल्या होत्या. पुढे बसले होते प्रल्हादकाका, शेजारचे कास्तकार, वय साठच्या पुढे, आवाज शेतातून हाक मारल्यासारखा.

सुजाताने सूचनापत्र वाचून दाखवले. दागिने नकोत, केसांना पिना नकोत, खिशात किल्ली नको, पोटभर जेवून येऊ नये. संमतिपत्रकातली प्रत्येक ओळ तिने समजावली आणि मगच सह्या घेतल्या.

‘डोकं उघडनार नाही ना?’ काकांनी विचारले.

‘नाही काका. नुसतं झोपायचं. आवाज लय होते.’

‘मले झोप लागते आवाजात. बायको हाये घरात.’

आतून काकू काही बोलल्या. ते मी लिहून घेतले नाही.

मग काकांनी बरणी उचलून उन्हात धरली. ‘याच्यात काय हाये?’

‘पाणी, मीठ आणि औषधं.’

‘अमरावतीहून खारं पानी आनलं? कावून व? माह्या विहिरीचं न्यायचं ना. मीठ टाकाले लागलं नसतं.’

दुपारी रोडगे आणि वांग्याची भाजी. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजतात, फोडतात आणि तुपात बुडवतात. मी दोन खाल्ले. मावशीने तिसरा न विचारता वाढला. आमच्याकडे ‘घ्या ना’ असे तीनदा म्हणतात आणि वाढत नाहीत. इथे म्हणत नाहीत आणि वाढतात.

जेवणानंतर गावातून एक फेरी मारली. बहुतेक घरांच्या ओट्यावर, कुंपणावर, खिडकीत खोबरेल तेलाच्या बाटल्या उन्हात ठेवलेल्या होत्या. थंडीत तेल गोठते आणि बाटलीतून निघत नाही. दुसऱ्या दिवशी पाच घरांतली माणसे अकोल्याला जाणार होती, म्हणून त्या घरांसमोर बाटल्या सकाळपासून होत्या. मी हे वहीत ‘हवामान’ या मथळ्याखाली लिहिले.

शुक्रवार, अकोला

म्हैसांगमार्गे आम्ही सगळे अकोल्याला आलो. मावशीने ठेवणीतले पातळ नेसले होते. काकांचा सदरा इस्त्रीचा होता. सगळ्यांचे भांग काटेकोर होते. पूर्णेच्या पुलावर उन्हात सगळ्यांची डोकी चमकत होती. तेही मी पाहिले आणि पुन्हा काही समजले नाही.

यंत्र चालवणारा तंत्रज्ञ इरफान अकोल्याचाच. त्याने प्रत्येकाला रांगेने प्रश्न विचारले. पाचवा स्वयंसेवक सुतार-वेल्डर होता. ‘डोळ्यात कदी लोखंडाचा कण गेला होता का भाऊ?’ इरफानने विचारले. गेला होता, पाचेक वर्षांपूर्वी. तो निघाला की नाही, नक्की माहीत नव्हते. इरफानने त्याचे नाव खोडले. वेल्डर नाराज झाला. इरफानने त्याला चहा दिला आणि नाव खोडलेलेच ठेवले.

पहिली बरणी. नकाशा उत्तम आला. मग मावशी. बारा मिनिटांनी ती बाहेर आली आणि म्हणाली, ‘गिट्टीचं, खडी फोडाचं मशीन लावलं जसं कानाजवळ.’ पडद्यावर सुजाताने नकाशा उघडला. मी तज्ज्ञ नाही, पण काहीतरी बिघडले आहे हे दिसत होते. मेंदूच्या मागच्या अर्ध्या भागावर लाल पट्टे पसरले होते. वर्णपटात जिथे शांत जागा हवी होती, तिथे एक मोठा सुळका होता.

‘चरबी,’ सुजाता म्हणाली. ‘बाहेरून आत सांडली आहे.’

कवटीभोवतालच्या चरबीचा सूर वेगळा काढण्याची सोय पद्धतीत होती. साध्या चित्रावरून कातडीचे कडे आखायचे, त्या कड्यातला सूर ओळखायचा आणि मेंदूतून वजा करायचा. तीच सोय चालत नव्हती. काकांचा नकाशा मावशीपेक्षा वाईट आला. तिसरा तसाच. चौथा त्याहून वाईट.

डॉ. काळे मागे उभे होते. पन्नाशीचे, कमी बोलणारे. ‘ही सुळक्याची जागा लक्षात घ्या,’ त्यांनी मला सांगितले. ‘गाठीचा आतला भाग मेला की तिथंही चरबीचा सूर याच जागी येतो. हा नकाशा रुग्णाचा असता तर मी घाबरलो असतो. आणि मावशी ठणठणीत आहेत.’

वेल्डरची वेळ रिकामी होती. मी संमतिपत्रक वाचले, सही केली आणि आत गेले. यंत्रात थंडी होती. डोक्यावर पिंजऱ्यासारखी टोपली बसवली गेली आणि बारा मिनिटे मी छताकडे पाहत पडून राहिले. आवाजाबद्दल मावशीचे वर्णन बरोबर होते.

माझा नकाशा स्वच्छ आला.

सुजाताने तो दोनदा तपासला. डॉ. काळे यांनी एकदाच पाहिला. ‘म्हणजे तुमची पद्धत पुण्याच्या डोक्यावर चालते,’ ते म्हणाले. ‘माझ्याकडे रुग्ण पुण्याहून येत नाहीत.’

सुजाता खुर्चीत मागे टेकली. पद्धत बांधताना तिने जी डोकी वापरली होती ती विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांची होती, हे तिने मला बुधवारीच सांगितले होते. डॉ. काळे म्हणाले तेच तिच्या शोधनिबंधाच्या परीक्षकानेही लिहिले होते, जरा सभ्य शब्दांत: पद्धत प्रयोगशाळेबाहेर टिकेल का, याची खात्री नाही.

इरफान यंत्रातली उशी काढत होता. त्याने घसा साफ केला.

‘मॅडम, एक बोलू का? बुरा मानू नका. मी आज चार खोळी बदलल्या. या ताईंची बदलली नाही.’

‘का?’

‘गरज नाही पडली. बाकीच्या चारही तेलात भिजून राह्यल्या.’

त्याने बादलीतून खोळ काढून दिव्याखाली धरली. मध्यभागी ताटाएवढा डाग होता.

सुजाता उठली. तिने खोळ हातात घेतली, वास घेतला आणि मावशीकडे पाहिले. मावशी बाकावर बसून वेणी पुन्हा घालत होती.

‘मावशे, तेल कवा लावलं?’

‘सकाळी. दवाखान्यात याचं म्हनून चांगलं थापलं. भुतावानी कोरडं डोकं घेऊन याचं का एवढ्या मोठ्या मशीनपुढं?’

काका म्हणाले, ‘मी तर रात्रीपासूनच.’

सुजाताने लॅपटॉप उघडला आणि आपल्याच प्रोग्रॅममध्ये एक ओळ शोधली. चित्रात कातडीच्या बाहेर जे काही दिसेल ते शून्य समजावे, अशी ती ओळ होती. शेजारी टीप होती, तिनेच लिहिलेली: ‘बाहेर फक्त हवा.’ विद्यार्थ्यांच्या कोरड्या, आखूड केसांच्या बाहेर खरोखर हवा होती. मावशीच्या वेणीत वाटीभर तेल होते. यंत्राला ते ऐकू येत होते. प्रोग्रॅमने ते नाहीच असे धरले होते. मग तो सूर कड्यात सापडत नव्हता आणि मेंदूत सांडत होता. मावशीचे साधे चित्र तिने उजळ करून दाखवले. डोक्याभोवती एक पुसट धुके होते. आम्ही सगळ्यांनी ते आधी पाहिले होते आणि चित्रातली खरखर समजून सोडून दिले होते.

डॉ. काळे यांनी टेबलावरचे सूचनापत्र ओढले आणि पेनाने खाली एक ओळ वाढवली: ‘तपासणीस येण्यापूर्वी डोके स्वच्छ धुऊन यावे.’ म्हणाले, ‘संपलं. रविवारी धुऊन या.’

सोपा मार्ग होता आणि मला तो पटला. मावशीला नाही पटला.

‘डॉक्टरसाहेब, तुमच्याकडं ज्याचं डोकं दुखते तोच येईन ना?’

‘हो.’

‘मंग आमच्यात डोकं दुखाले लागलं का पयले टाळूवर तेल जिरवतात. एक दिवस नाही, महिना महिना. दवाखाना त्याच्या बाद. तुमच्याकडं येईन त्याच्या डोक्यावर माह्यापेक्षा जास्त तेल राहीन. आन् ऑपरेशन झालेल्याचं, टाके असलेल्याचं डोकं कोन धुनार? तुमी?’

डॉ. काळे यांनी पेनाचे टोपण लावले. ते स्वतः अकोटचे आहेत. मग त्यांनी एका शिक्षकाबद्दल सांगितले, अकोटकडच्या. गाठीवर शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले आणि आता त्याच जागी नवा डाग दिसतो आहे. गाठ परत आली की किरणांनी भाजलेली जागा आहे, हे साध्या चित्रात त्यांना ओळखता येत नाही. म्हणून त्यांनी सुजाताला यंत्र दिले होते. ‘त्यांची आई रोज येते सोबत,’ ते म्हणाले. ‘तेलाची बाटली पिशवीत असते. मी पाहिली आहे.’

सूचनापत्रावरची ओळ त्यांनी खोडली नाही. ‘उद्या दुपारी यंत्र तासभर रिकामं आहे, बरणी घालायची तर घाला. माणसं रविवारी साडेआठला. तोपर्यंत मला काही दाखवू नका.’

शनिवार, अकोट

प्रोग्रॅम बदलून थेट माणसावर चालवायचा नाही, आधी बरणीवर. पण बरणीला केस नाहीत. तेल धरून ठेवणारे, सुटे, हवेशीर असे काहीतरी तिच्याभोवती गुंडाळायला हवे होते. औषधाच्या दुकानातला कापूस तेलात घातल्याबरोबर बसला आणि त्याचा लगदा झाला. अकोल्यातच मुक्कामाला थांबलेले काका हे पाहत होते.

‘हा धुतलेला कापूस. याच्यात जीव नाही. अकोटले चला. माहा जावई जिनिंगवर हाये. कच्ची रुई घ्या, तेल सोडनार नाही ते.’

ते बरोबर होते, असे सुजाताने नंतर सांगितले. कच्च्या रुईच्या धाग्यावर मेणासारखा पातळ थर असतो. दुकानातल्या कापसावरून तो धुऊन काढलेला असतो.

सकाळच्या बसने निघालो. गांधीग्रामला पूर्णा ओलांडली तेव्हा पाण्यावर धुके होते. थांब्यावर शेंगदाण्याची गूळपट्टी घेतली. काकांनी सगळ्या बसला वाटली आणि सगळ्या बसला सांगितले की आपण मशीनच्या डोक्याला केस आणायला चाललो आहोत. एका बाईने विचारले, ‘टक्कल पडलं का मशीनले?’ काका म्हणाले, ‘जन्मापासूनच.’

अकोट जवळ आले की उत्तरेला सातपुडा दिसू लागतो, निळा आणि सपाट माथ्याचा. जिनिंगच्या आवारात कपाशीचे ढीग दुमजली घराएवढे होते. आत यंत्रांच्या रांगेतून सरकी खाली पडत होती आणि रुई पुढे उडत होती. कामगारांच्या भुवयांवर तंतू बसले होते. काकांचा जावई सुनील बाहेर आला.

‘किती गाठी पायजे मामाजी?’

‘एक पिशवी.’

‘एवढी? उशीले बी पुरनार नाही.’

‘उशीले नाही, मेंदूले पायजे.’

सुनीलने सासऱ्याकडे पाहिले, मग आमच्याकडे. ‘घरचे बरे हायेत ना सगळे?’ त्याने विचारले. सुजाताने तिसऱ्यांदा सगळे समजावून सांगितले. तेव्हा तो आत गेला आणि लांब धाग्याची, पांढरीशुभ्र रुई निवडून घेऊन आला. पिशवीवर त्याने पेनाने लिहिले: ‘केस’.

दुपारी दोनला अकोल्यात परतलो. इरफानने पिशवी दारातच अडवली. त्याच्याकडे हातातले चुंबक असते. यंत्राच्या खोलीत जाणारी प्रत्येक नवी वस्तू तो त्या चुंबकाने तपासतो. रुईवरून फिरवल्यावर चुंबकाला नखाएवढी लोखंडाची कपची लागली.

‘जिनमधली हाये,’ काका म्हणाले. ‘राहतेच थोडीफार.’

‘चाचा, आत राह्यली असती तर गोळीसारखी उडाली असती.’

इरफानने जमिनीवर वर्तमानपत्र पसरले. आम्ही चौघांनी तासभर बसून ती रुई बोटांनी पिंजली. तो पुन्हा पुन्हा चुंबक फिरवत होता. दोन कण आणखी निघाले. मग मावशीने दिलेले तेल कोमट करून रुईत जिरवले आणि ती बरणीवर वेणीसारखी गुंडाळली. बरणी टोपलीत ठेवल्यावर इरफान म्हणाला, ‘अब लगी आदमी जैसी.’

जुन्या प्रोग्रॅमने बरणीचा नकाशा शुक्रवारसारखाच बिघडवला. लाल पट्टे, तोच सुळका. सुजाता खूश झाली. चूक पुन्हा करून दाखवता येत होती, म्हणजे ती दुरुस्तही करता येणार होती. तिने ‘बाहेर फक्त हवा’ ही ओळ काढली. डोक्याभोवतालचे धुके वेगळ्या फेरीत मोजायचे, त्याचेही कडे आखायचे, कातडीच्या कड्याला जोडायचे आणि दोन्हींचा सूर वजा करायचा. पहिल्या प्रयत्नात निम्मी रसायनेही वजा झाली. चौथ्या प्रयत्नात सुळका गेला आणि बाकीचे सूर जागेवर राहिले. साडेसातला तिने लॅपटॉप बंद केला आणि म्हणाली की बरणी खोकत नाही, हलत नाही, तिला कान नाहीत. उद्याचे काही सांगता येत नाही.

रविवार, अकोला

डॉ. काळे यांची अट अशी होती: तेच डोके, तेलाआधी आणि तेलानंतर. कोरड्या डोक्याचा नकाशा शुक्रवारी फक्त माझा आला होता. म्हणून तेल माझ्या डोक्याला लागायचे होते.

ते मावशीने लावले, तिच्या मुलीच्या घरी, सकाळी सात वाजता, मागच्या अंगणात. मी पाटावर बसले. तिने बाटली उन्हात धरली, तळव्यावर तेल ओतले आणि टाळूवर थाप मारली.

‘थोडंच लावा मावशी.’

‘थोडं कावून? परीक्षा हाये ना? मंग पुरती होऊ द्या.’

ती अर्धा तास तेल जिरवत होती. आमच्याकडे हे लहानपणी संपते. मावशी म्हणाली की डोक्याला हात लागला की माणूस खरे बोलतो, अंगणवाडीत तिने पाहिले आहे. मग विचारले, सुजी पुन्हा परदेशात जाईल का? मी म्हणाले, मला माहीत नाही, पण हे जमले तर तिला इथे वरचेवर यावे लागेल. मावशीने आणखी तेल ओतले.

साडेआठला यंत्र सुरू झाले. मावशी, काका, मग मी. इरफानने खोळी आधीच मोजून ठेवल्या होत्या.

नकाशे तयार व्हायला दुपारचे साडेबारा वाजले. सुजाताने माझे दोन्ही नकाशे नाव आणि वार न लिहिता छापले आणि डॉ. काळे यांच्यापुढे ठेवले. तेलाचा कोणता, ते त्यांनी ओळखायचे होते. त्यांनी चष्मा काढून पाहिले, चष्मा लावून पाहिले. कागद खिडकीपाशी नेले. सुजाता भिंतीला टेकून उभी होती, दोन्ही हात पाठीमागे.

‘हा,’ डॉ. काळे यांनी डावा कागद पुढे केला.

‘तो शुक्रवारचा,’ सुजाता म्हणाली. ‘कोरडा.’

त्यांनी कागद खाली ठेवला. मग दोन्ही नकाशांच्या खालच्या टोकावर बोट ठेवले. ‘इथं दोन्हींत खराब आहे.’

‘हो. ते तेलाचं नाही. कानामागच्या हाडात हवेचे कप्पे असतात, तिथं चुंबकीय क्षेत्र वाकडं होतं. तिथलं अजून येत नाही.’

‘मावशींचं आणि काकांचं?’

तिने तेही दाखवले. पट्टे गेले होते. काकांच्या नकाशात समोर एक धूसर जागा होती. ते यंत्रात झोपी गेले आणि डोके हलले.

‘सांगतलं होतं मी,’ काका म्हणाले. ‘झोप लागते.’

डॉ. काळे बसले. त्यांनी अर्ज पुढे घेतला आणि सुजाताला दोन वाक्ये वाढवायला सांगितली. एक, कवटीच्या खालच्या मागच्या भागातले निष्कर्ष धरू नयेत. दोन, अभ्यास संपेपर्यंत या नकाशावरून कोणाच्याही उपचाराचा निर्णय होणार नाही. तिने लिहिली. त्यांनी सही केली आणि तारीख घातली.

मग सूचनापत्र घेतले. शुक्रवारी वाढवलेली ओळ त्यांनी सरळ रेघेने खोडली, पेन थोडा वेळ हातात धरला आणि मावशीला विचारले, ‘काय लिहू?’

मावशीने कागद स्वतःकडे ओढला. अंगणवाडीतले वळणदार अक्षर. तिने लिहिले: ‘डोक्याला तेल असले तरी चालेल.’ वाचून पाहिले आणि खाली आणखी लिहिले: ‘लोखंड नको.’

संध्याकाळच्या गाडीने मी निघाले. पुण्यात पोहोचेपर्यंत माझी ओढणी, पुस्तक आणि बर्थची उशी तेलाची झाली होती.

मार्चमध्ये सुजाताचा निरोप आला. समितीने परवानगी दिली होती. अभ्यासातले पहिले रुग्ण अकोटकडचे ते शिक्षक होते, आईसोबत आले होते. डाग मेंदूच्या वरच्या भागात आहे, नकाशा जिथे नीट येतो तिथे. डॉ. काळे आता तो नेहमीच्या तपासण्यांशी ताडून पाहत आहेत. त्यात काय निघते ते इतक्यात कळणार नाही. निरोपात शेवटी एक ओळ होती.

‘नकाशा स्वच्छ आला. इरफानला खोळ बदलावी लागली.’